वाट पाहण्याचा अभ्यासक्रम

कोर्सवर्क संपलं. पीएचडीत याचा अर्थ एवढाच, की इथून पुढे परीक्षा नाहीत. आणि परीक्षा नाहीत म्हणजे आपण किती पाण्यात आहोत हे सांगणारंही आता कुणी नाही. गुणपत्रिका हातात आली. कोर्सचे क्रमांक, नावं, क्रेडिट, आणि शेजारी ते दोन-दोन अक्षरी शिक्के: एए, एबी, एका जागी बीबी. पवईच्या आयआयटीत आल्यापासूनची सगळी सेमिस्टरं त्या एका कागदावर मावली होती. अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, क्रिप्टोग्राफी. नावं वरून खाली वाचत गेले आणि वाटलं, हे विषय वेगवेगळे नव्हतेच. वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट निरनिराळ्या फळ्यांवर लिहून दाखवली होती.

आमच्या नात्यागोत्यात कॉम्प्युटर म्हणजे वेग. ‘तुमचं काय बाई, बटण दाबलं की झालं,’ असं आत्या म्हणते. बाहेरून तसं दिसतंही. पण आत शिरलं की थोड्याच दिवसांत ध्यानात येतं, या शास्त्राचा निम्मा जीव वाट पाहण्यात अडकला आहे. कुणी कुणासाठी थांबायचं, किती थांबायचं, थांबलेल्याला उठवायचं कुणी, आणि ज्याची वाट पाहतोय तो आलाच नाही तर पुढे काय. वेगाची गोष्ट जाहिरातवाल्यांची. वर्गात आम्ही शिकलो ते थांबणं.

ऑपरेटिंग सिस्टिमचं जे पुस्तक सगळे वापरतात त्याच्या मुखपृष्ठावर डायनोसॉर असतात. (कंपायलरच्या पुस्तकावर ड्रॅगन, डेटाबेसच्या पुस्तकावर शिडाची होडी. या विषयातले लेखक आत कितीही कोरडे असले तरी कव्हरवर मोकळे होतात.) त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच कळतं की प्रोसेसरचं आयुष्य मुख्यतः इतरांची वाट पाहण्यात जातं. त्याचा एक नॅनोसेकंद आपल्या एका सेकंदाएवढा धरला, तर जुन्या फिरत्या डिस्कवरून एक तुकडा यायला जवळजवळ चार महिने लागतात. चार महिने नुसतं बसून कोण राहील? म्हणून एकाला थांबवायचं आणि तेवढ्यात दुसऱ्याचं काम उरकायचं. ही एवढी एक युक्ती आणि तिच्यातून उपजलेल्या कटकटी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा कोर्स.

त्याच पुस्तकात एक दंतकथा दिली आहे. लेखकही ती ऐकीव म्हणूनच देतात. एमआयटीतलं आयबीएम ७०९४ हे यंत्र १९७३ साली बंद केलं, तेव्हा त्यात १९६७ साली दिलेलं एक काम सापडलं. कमी महत्त्वाचं म्हणून मागे ठेवलेलं. त्याच्या पुढे सतत कुणीतरी अधिक महत्त्वाचं येत राहिलं, आणि त्याचा नंबर लागलाच नाही. गोष्ट खरी की खोटी कुणास ठाऊक, पण ती सांगितली तेव्हा वर्ग हसला आणि मला हसू आलं नाही. सरकारी कचेरीत फाइल घेऊन बसलेले किती चेहरे एकदम आठवले. त्यावरचा उपाय मात्र फार माणुसकीचा आहे: जो जितका जास्त थांबला, त्याचं महत्त्व तितकं वाढवत न्यायचं. नुसतं थांबणं हीच पात्रता. असा नियम यंत्रांना लावायला आपल्याला जमलं.

लॅबमध्ये एकदा सरांनी मुद्दाम बिघडवलेला प्रोग्राम दिला. काय बिघडलं आहे ते शोधायचं. तो चालवला, चार ओळी छापल्या आणि गप्प झाला. प्रोग्राम अनंत फेऱ्यांत अडकला की कळतं. लॅपटॉपचा पंखा घोंगावायला लागतो, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. इथे तसं काहीच नव्हतं. प्रोसेसर शून्यावर. कर्सर उघडझाप करतोय. डीबगर लावून आत डोकावले तर सगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्रामातली एकाच वेळी चालणारी कामं, जिवंत, आणि प्रत्येकाच्या यादीत सगळ्यात वर तीच ओळ: लॉकसाठी थांबला आहे. पहिल्याला हवं ते दुसऱ्याकडे, दुसऱ्याला हवं ते तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याला हवं ते पहिल्याच्या मुठीत. यात कुणाचंही चुकलेलं नव्हतं. प्रत्येक जण सांगितल्याबरहुकूम वागत होता: हातातलं सोडायचं नाही आणि हवं ते मिळेपर्यंत हलायचं नाही.

याला डेडलॉक म्हणतात. तो घडायला चार अटी एकदम जुळाव्या लागतात, असं १९७१ साली कॉफमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं. वस्तू एका वेळी एकालाच मिळणारी हवी. एक धरून दुसरीची वाट पाहणं चालत असलं पाहिजे. कुणाच्या हातातून काही हिसकावून घेता येता कामा नये. आणि थांबणाऱ्यांची साखळी फिरून स्वतःलाच येऊन मिळायला हवी. चारांतली एक मोडली की गाठ सुटते. डेटाबेसवाले तिसरी मोडतात: गाठ पडली की त्यातला एक व्यवहार निवडून मारून टाकायचा, त्यानं केलेलं सगळं पुसायचं आणि त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावायचं. होडीच्या चित्रवाल्या त्या पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी सुदर्शन आमच्याच विभागातले. पुस्तकात या मेलेल्या व्यवहाराचं नाव सरळ बळी असंच आहे. कुणाला बळी द्यायचं याचेही नियम आहेत. ज्याचं काम सगळ्यात कमी झालंय तो बरा. पण तोच तो पुन्हा पुन्हा बळी जाऊ नये म्हणून किती वेळा गेला याची नोंद ठेवायची. ही नोंद ठेवण्याची कल्पना ज्याला सुचली त्याच्याबद्दल मला आदर आहे.

मंगळावरची गोष्ट याच कोर्सातली. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी आपोआप रीसेट व्हायला लागलं. हवामानाची माहिती गोळा करणारं एक कनिष्ठ काम लॉक धरून होतं. त्याच लॉकसाठी यानातलं अतिशय वरिष्ठ काम थांबलं होतं. एवढ्यानं बिघडत नाही, कनिष्ठ काम लगेच आटोपतं. पण मधल्या दर्जाचं संपर्काचं काम आलं आणि त्यानं कनिष्ठाला बाजूला सारलं. म्हणजे मधल्यामुळे खालचा अडला आणि खालच्यामुळे वरचा. पहारा देणाऱ्या घड्याळाला वाटलं काहीतरी भयंकर घडलंय. त्यानं सगळंच बंद करून पुन्हा चालू केलं. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर हीच परिस्थिती उभी करून कारण शोधलं आणि एक सोय लांबूनच चालू केली: वरिष्ठ ज्याच्यासाठी थांबला आहे, त्याला तेवढ्यापुरता वरिष्ठाचा दर्जा मिळेल. ऑफिसातल्या शिपायाला हे केव्हाचं ठाऊक आहे.

सगळ्यात जास्त रमले ती रांगांच्या गणितात. कोर्सचं नाव वेगळं होतं, कामगिरीचं मूल्यमापन वगैरे, पण आत होत्या त्या रांगाच. हे गणित कॉम्प्युटरहून जुनं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगनं १९०९ साली त्यावर पहिला निबंध लिहिला. कारण तेव्हा ऑपरेटर जोडून देईपर्यंत लोक कानाला रिसीव्हर लावून थांबत. १९६१ साली जॉन लिटलनं एक नियम सिद्ध केला, तो इतका साधा आहे की आधी विश्वासच बसत नाही. रांगेतली सरासरी माणसं म्हणजे माणसं येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा सरासरी वेळ. बस. माणसं कशी येतात, खिडकीवरचा कसा काम करतो, मध्ये कोण घुसतो, यातलं काही विचारायचं कारण नाही. तेव्हापासून मेसच्या रांगेत मला स्वस्थ उभं राहता येत नाही. दारापासून ताटांच्या रॅकपर्यंत चाळीस माणसं, मिनिटाला आठ ताटं उचलली जातात, म्हणजे पाच मिनिटं. पनीर असेल तर आठाची पाच होतात.

पण खरा धक्का पुढच्या आलेखानं दिला. माणसं आपल्या मर्जीनं, केव्हाही येतात, आणि कुणाचं काम थोडं असतं कुणाचं जास्त, असं धरा. खिडकीवरचा निम्मा वेळ कामात असेल, तर तुम्हाला एकूण वेळ लागतो तुमच्या कामाच्या दुप्पट. तो ८० टक्के कामात असेल तर पाचपट. ९० टक्क्यांना दहापट, ९५ ला वीसपट. आणि शंभराकडे जाताना ती रेघ फळ्याबाहेर निघून जाते. माणूस सदोदित कामात दिसला पाहिजे असा ज्यांचा आग्रह असतो, अशा तमाम साहेबांना एकदा खडू हातात देऊन हा आलेख काढायला लावावा. रिकामा बसलेला कारकून हा आळशी नसतो, तो तुमची रांग लहान ठेवत असतो.

बसचं गणित तर चिडवणारंच. समजा बस सरासरी दहा मिनिटांनी येते, पण वेळापत्रकाला न जुमानता, केव्हाही. स्टॉपवर जाऊन उभं राहिलं तर सरासरी किती थांबावं लागेल? सगळे म्हणतात पाच मिनिटं. उत्तर दहा. कारण दोन बसमधली अंतरं लहान-मोठी असतात, आणि आपण जाऊन उभे राहतो ते बहुधा मोठ्या अंतरातच. मोठं असतं म्हणूनच त्यात सापडतो. पुढचं याहून निष्ठुर आहे. वीस मिनिटं उभं राहून झाली, बस आली नाही, आता अजून किती? अजूनही दहाच. अशा वाट पाहण्याला आठवण नसते. वीस मिनिटं उभं राहिल्याचं पुण्य शून्य. मेन गेटबाहेर बेस्टच्या स्टॉपवर मी हे एकदा मैत्रिणीला समजावून सांगितलं. तिनं रिक्षा केली.

अल्गोरिदमच्या कोर्सात प्रश्न असा, की काम वाढलं तर थांबणं किती वाढेल. काही कामं समजूतदार असतात: दुप्पट माल, जेमतेम दुप्पट वेळ. काही मात्र एकेक वस्तू वाढली की दुपटीनं वाढतात. सेकंदाला शंभर कोटी शक्यता तपासणारं यंत्र घेतलं, तर अशा कामात ५० वस्तूंना १३ दिवस लागतात. साठांना ३६ वर्षं. सत्तरांना ३७ हजार वर्षं. दहा-दहानं पुढे सरकताना आपण सुट्टीतून आयुष्यात आणि आयुष्यातून इतिहासपूर्व काळात जातो. याच्यापुढे यंत्राचा वेग दुप्पट करून काय मिळतं? एक वस्तू.

नरेंद्र करमरकरांचं नाव त्याच कोर्सात आलं तेव्हा बाकावर सरसावून बसले, हे कबूल करायला हरकत नाही. १९७८ साली याच आवारातून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन ते बाहेर पडले. मर्यादित साधनं उत्तमात उत्तम रीतीनं कशी वाटायची, या प्रश्नावर १९४७ पासून डँटझिगची सिम्प्लेक्स पद्धत चालत आली होती. तो प्रश्न म्हणजे अनेक पैलूंचा एक खडा. सिम्प्लेक्स त्याच्या कडेकडेनं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. व्यवहारात झपाझप जाते. पण १९७२ साली क्ली आणि मिंटी यांनी असा वाकडा ठोकळा रचून दाखवला, की तिला प्रत्येक कोपरा हिंडावा लागावा, आणि कोपरे तर दुपटीनं वाढणारे. १९७९ मध्ये खाचियाननं हमखास लवकर संपणारी पद्धत दिली, ती कागदावर सुंदर आणि हातात मंद. करमरकरांनी १९८४ साली, बेल लॅब्जमध्ये असताना, कडा सोडून दिल्या आणि खड्याच्या पोटातून वाट काढली. सिद्धतेतही लवकर, यंत्रावरही लवकर. फळ्यावर ती रेघ आतून जाताना पाहिली आणि पुढचं काही वेळ लिहून घेतलंच नाही.

क्रिप्टोग्राफीत याच्या उलट. तिथे थांबणं हा माल आहे, आणि तो चोराच्या गळ्यात घालायचा असतो. कुलूप अभेद्य नसतंच. चोराचा जन्म संपेपर्यंत टिकलं म्हणजे झालं. १९७७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनरनं आपल्या सदरात आरएसए या कुलपाची ओळख करून दिली आणि १२९ आकडी संख्येचे अवयव पाडल्याशिवाय न सुटणारं एक कोडं घातलं, शंभर डॉलर बक्षिसाचं. ते फुटायला ४० हजार लाख कोटी वर्षं लागतील असा तेव्हाचा अंदाज. फुटलं १९९४ मध्ये. इंटरनेटवरून जोडलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी काही महिने आपापली यंत्रं लावून ते फोडलं, आणि आतून निघाला हाडं फोडणाऱ्या एका गिधाडाबद्दलचा अर्थहीन शब्दप्रयोग. मधल्या काळात यंत्रं वेगवान झाली हे खरंच, पण अवयव पाडण्याच्या नव्या रीती सापडल्या हे जास्त खरं. आपलं बँक खातं आज ज्या भरवशावर उभं आहे तो भरवसा याच जातीचा: आजच्या यंत्रांवर चालेल अशी लवकरची रीत अजून कुणाला सापडलेली नाही. सिद्ध असं काही नाही.

कंपायलरच्या कोर्सबद्दल सांगण्यासारखं फार नाही; पाणिनीचा उल्लेख पहिल्याच तासाला झाला, टाळ्या पडल्या, आणि उरलेलं सेमिस्टर आम्ही कंस मोजले. मशीन लर्निंग घेतलं, सगळेच घेतात. तिथे जीपीयूच्या रांगेत नंबर लावून झोपायचं आणि सकाळी चुकांचा आलेख किती उतरला ते पाहायचं.

नेटवर्कचा कोर्स शिष्टाचाराचा आहे. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकतात, मग पुन्हा दोघंही दुसऱ्या बाजूला, तसं एका तारेवर दोन यंत्रांचं होतं. म्हणून दोघांनी मनातल्या मनात फासा टाकून वेगवेगळा वेळ थांबायचं, आणि पुन्हा धडक झाली तर त्याहून जास्त थांबायला तयार व्हायचं. १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कलेमध्ये, जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमध्ये, सेकंदाला ३२ हजार बिट जाणारी वाहतूक ४० बिटांवर आली. पोच आली नाही म्हणून प्रत्येक जण तेच पुन्हा पाठवत होता, त्यामुळे गर्दी वाढत होती, त्यामुळे पोच येत नव्हती. व्हॅन जेकबसननं १९८८ मध्ये उपाय लिहिला. त्याचं सार असं, की उत्तर आलं नाही तर जोरानं हाक मारू नका, मागे सरा.

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचा कोर्स मी २०१९ च्या पुरानंतर घेतला, आणि आधी घेतला असता तर मला तो कळला नसता असं वाटतं.

आमचं घर सांगलीत, गावभागात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा चढायला लागली. सांगलीकर पुराच्या दिवसांत एकमेकांना कसे आहात विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती?’ विचारतात. आयर्विन पुलाची पातळी पंचेचाळीस फुटांच्या पुढे गेली की धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आईबाबा वरच्या मजल्यावर आहेत एवढं शेवटचं कळलं आणि नंतर फोन लागेना. मी होस्टेलच्या खोलीत. मेसेज पाठवला, त्याच्यापुढे एकच टिक. ती टिक सांगते एवढंच, की तुझ्याकडून निघालं. फोनची बॅटरी गेली असेल, टॉवर बंद असेल, लाइट नसेल. की आणखी काही. या सगळ्यांचा माझ्यापर्यंत येणारा आवाज एकच होता: काहीच नाही. कितीही वेळ त्या पडद्याकडे पाहिलं तरी एका शांततेतून दुसरी शांतता वेगळी काढता येत नव्हती. शेवटी विश्रामबागेतल्या कुणाच्या तरी नंबरवरून बाबांचा फोन आला. ‘सगळे बरे आहोत. खालची पुस्तकं गेली.’ मग थोडं थांबून, ‘तू जेवलीस का?’

पुढे वर्गात १९८५ चा फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा निबंध आला. त्यांनी सिद्ध केलं ते असं: निरोप पोचायला किती वेळ लागेल याला काही मर्यादाच नसेल, आणि यंत्रांपैकी एखादं जरी केव्हाही मरू शकत असेल, तर ठरावीक पायऱ्यांची अशी कोणतीही रीत नाही, जिच्यामुळे उरलेल्यांचं एकमत हमखास होईलच. गाभ्याशी गोष्ट एकच. उशीर करणारा आणि मेलेला, लांबून सारखेच दिसतात. व्यवहारात टाइमआउट लावून निभावून नेतात: इतका वेळ उत्तर नाही, गेला समजा. तो वेळ कमी धरला तर जिवंत माणसाचं श्राद्ध घालता, जास्त धरला तर मेलेल्याची चहा घेऊन वाट पाहता. किती धरावा याला प्रमेय नाही. प्रमेय समजावून झाल्यावर मॅडमनी शंका विचारल्या. मागच्या बाकावरच्यानं विचारलं, एंडसेमला आहे का? होतं.

माझा प्रबंध आता शेपटीवर आहे. म्हणजे विषयच तो: शंभरातलं नव्याण्णवांचं काम पटकन होतं, त्या उरलेल्या एकाचं काय. मोठ्या सेवांमध्ये एका प्रश्नाच्या उत्तरासाठी शंभर यंत्रांना विचारावं लागतं आणि सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रत्येक यंत्र शंभरात एकदाच रेंगाळत असेल, तरी शंभरांपैकी निदान एक जण रेंगाळण्याची शक्यता ६३ टक्के. जेफ डीन आणि बारोसो यांनी २०१३ मध्ये हा हिशेब मांडला, तेव्हापासून आमच्यासारख्या बऱ्याच जणांची पोटं त्यावर चालली आहेत. एक उपाय असा, की पहिल्याकडून थोडा वेळ उत्तर आलं नाही तर तेच दुसऱ्याला विचारायचं आणि जो आधी बोलेल त्याचं घ्यायचं. किती वेळानं विचारायचं, यावर माझी तीन प्रकरणं आहेत. चौथं व्हायचं आहे. एक पेपर परीक्षकांकडे पडून आहे.

परवा आजीनं फोनवर विचारलं, ‘तुझं कधी संपायचं गं?’ काही थांबण्यांना आठवण नसते, आत्तापर्यंत गेलेल्या वर्षांवरून उरलेल्यांचा अंदाज येत नाही, हे मी तिला सांगणार होते. सांगितलं, ‘दिवाळीपर्यंत, आजी.’

‘मागच्या वर्षी पण दिवाळीच म्हणाली होतीस,’ ती म्हणाली.